भेगांतली हळद

माझा भाऊ विकीदादा लोकांच्या घरी फरश्या बसवतो. एकदा कुणाच्या तरी बाथरूममधली उरलेली एक फरशी तो घरी घेऊन आला. दोन बाय दोन फुटांची, पांढरी, संगमरवरासारख्या करड्या रेघा असलेली, एका कोपऱ्याला टवका उडालेली. माझा सगळा ब्लॉग त्या एका फरशीवर उभा होता. लिपस्टिक असो, फेसवॉश असो की नाक्यावरच्या दुकानातलं काजळ असो, फरशीवर ठेवायचं, टवका बाटलीखाली झाकायचा आणि खिडकीपाशी नेऊन वरून फोटो काढायचा. वाचणाऱ्या बायकांना वाटायचं, हिच्याकडे संगमरवरी ड्रेसिंग टेबल आहे. माझ्याकडे पत्र्याची पेटी होती आणि पेटीखाली कांदे पसरलेले असायचे.

फरशीच्या बाहेर हातभर अंतरावर आमच्या गास गावातल्या घराची पडवी सुरू व्हायची. खताच्या गोणी, मुळ्याच्या जुड्या, दादाचे सिमेंटने पांढरे झालेले बूट. त्यातलं काहीही कधी फोटोत आलं नाही. मला त्याची लाज वाटायची. हे सरळच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगायचंय त्यापुढे ही लाज म्हणजे काहीच नाही.

ब्लॉगचं नाव होतं 'नितळ'. बी.कॉम. झाल्यावर मी वालीवला एका खोके बनवणाऱ्या कारखान्यात सकाळच्या पाळीला फोन उचलायचं काम करत होते. दोन फोनांच्या मध्ये भरपूर वेळ असायचा. त्या वेळात मी मोबाइलवर सौंदर्याबद्दलचं सापडेल ते वाचायचे आणि चिडायचे. माझ्या रंगाच्या बाईला कुठली लिपस्टिक शोभते, हे मराठीत कुणी लिहीतच नव्हतं. ज्या लिहायच्या त्या 'उन्हात जाणं टाळा' इथूनच सुरुवात करायच्या. आमच्या घरात उन्हात जाणं टाळलं तर संध्याकाळी चूल टाळावी लागली असती. म्हणून मीच लिहायला लागले. पहिला लेख होता, 'शेतावर जाणारीने काजळ कुठलं घालावं'. तो एकशे चाळीस जणींनी वाचला. त्यातली निम्मी वाचनं रोवेनाची असावीत.

रोवेना माझी शाळेपासूनची मैत्रीण. वसईला एका दातांच्या डॉक्टरकडे रिसेप्शनला बसते. फोटोचा हात चांगला, चेहरा चांगला, मन त्याहून चांगलं. ब्लॉगवरचे सगळे ओठ, डोळे आणि गाल तिचे. लिहिणारी मी.

दीड वर्ष असं चाललं आणि एके दिवशी सुरुची मॅडमचा फोन आला. मुंबईच्या एका मराठी वेबसाइटचा सौंदर्य विभाग त्या बघतात. त्यांनी माझे सगळे लेख वाचले होते. "तुमची भाषा आवडली मला," त्या म्हणाल्या. "खोटी वाटत नाही." मग म्हणाल्या, एक चाचणीचा लेख द्या. विषय, हातांची निगा. आम्ही एक बदामाचं क्रीम पाठवू. कुणीतरी तीन आठवडे वापरायचं, आधीचा आणि नंतरचा फोटो काढायचा. "हात खरे हवेत हं. नेटवरून उचललेले चालणार नाहीत." लेख चांगला उतरला तर विभागात लेखिका म्हणून जागा होती. काम घरून, महिन्याच्या महिन्याला पगार.

लेखिका. कारखान्यात त्या दिवशी मी तीन फोन चुकीच्या माणसाला जोडले.

क्रीमचं पार्सल कामणच्या गोदामात दोन आठवडे अडकून पडलं. हातात आलं तेव्हा लेख द्यायला आठच दिवस उरले होते. सुरुची मॅडमना फोन करून मुदत मागता आली असती. त्यांनी दिलीही असती, हे आता कळतं. तेव्हा मला वाटलं, मुदत मागणारीला कोण लेखिका करतं. आठ दिवसांत तीन आठवडे बसवायचे तर एकच रस्ता होता. आधीचे हात एकीचे आणि नंतरचे दुसरीचे. नंतरचे हात रोवेनाचे, हे ठरलेलंच होतं. आधीच्या हातांसाठी मला घराबाहेर जायची गरज नव्हती.

आता आईबद्दल सांगते. माझ्या आईचं नाव हंसा. पावसात भात, नंतर मुळा, माठ, शिराळी असं लावायचं आणि सोपाऱ्याच्या बाजारात नेऊन विकायचं, यात तिचं आयुष्य गेलं. डाव्या अंगठ्याचं नख विळ्याने फाटलेलं आहे, ते पुन्हा सरळ उगवलंच नाही. तळव्यांना भेगा आहेत. लहानपणी ती माझ्या पाठीवरून हात फिरवायची, तेव्हा खाज आपोआप भागायची.

पण आमच्या पाड्यात या हातांना मान आहे. कुणाच्या घरी लग्न ठरलं की मांडववाल्याच्या आधी आईला सांगावा जातो. नवरीला पहिली हळद आईने लावायची. 'हंसाचा हात लागला की हळद चढते', असं जुनी माणसं म्हणतात. आई पाटासमोर बसते, वाटीत दोन्ही हात बुडवते आणि नवरीचा चेहरा ओंजळीत धरल्यासारखा धरते. मग बाकीच्या बायका. परत येताना ती उरलेली हळद वाटीत घेऊन येते आणि माझ्या गालांना फासते, म्हणजे माझंही लवकर जमावं. मी दरवेळी तोंड फिरवायचे. "आई, लागतं गं," म्हणायचे. ती हसायची आणि आणखी जोरात फासायची. तिच्या हातांच्या भेगांत हळद चार-चार दिवस राहते. भांडी घासली, माती उपसली, तरी निघत नाही.

त्या रविवारी खालच्या आळीत एका मुलीची हळद झाली होती. मंगळवारी दुपारी आई पडवीत जुड्या बांधत बसली होती. मी फरशी आणि मोबाइल घेऊन तिच्यासमोर बसले.

"आई, तुझ्या हातांचा फोटो काढायचाय. लेखासाठी."

तिचे हात थांबले. "माज्या हातांचा? कशाला गो?"

"हातांवर लिहायचंय."

आई चक्क लाजली. माझी आई, जी बाजारात टेम्पोवाल्यांना गप्प बसवते, ती पदराचं टोक चाळवायला लागली. "हलदीचा लिवतंस का?"

मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. "बघू," म्हटलं.

ती उठून हात धुवायला मोरीकडे निघाली. मी मागे धावले. "धुऊ नकोस. असेच हवेत."

"मातीचं हायेत ना."

"असू देत."

मग ती आत जाऊन हिरव्या बांगड्या घेऊन आली, रविवारी मानाच्या मिळालेल्या. या घालू का, विचारलं. मी नको म्हटलं. हातातल्या होत्या त्याही वर सरकवायला लावल्या. आईने कासारासमोर बसल्यासारखे दोन्ही हात पुढे केले आणि फरशीवर ठेवताना घाबरली. "मलंल ना ती." मी तिचे तळवे वर केले, बोटं थोडी मागे ताणली, म्हणजे भेगा उघडतील, आणि डावा अंगठा आडवा वळवला, म्हणजे नखही दिसेल. ऊन तिरपं येत होतं. भेगांतला पिवळा रंग स्पष्ट दिसत होता.

"लिव," आई म्हणाली, "पन्नास नवऱ्या या हातान गेल्या. एका पोरीचा पन वाकडा झाला नाय."

"हो," मी म्हटलं आणि फोटो काढत राहिले.

गुरुवारी फरशी टॉवेलात गुंडाळून स्कूटीवरून वसईला नेली. रोवेनाच्या जेवणाच्या सुट्टीत तिचे हात त्याच फरशीवर ठेवले. तिने विचारलं, आधीचे कुणाचे. मी सांगितलं. "मावशींना माहितीये ना?" "हो," मी म्हटलं. दोन फोटो शेजारी ठेवले तर अंगठ्याचं फाटलेलं नख तीन आठवड्यांत क्रीमने सांधलं होतं. हा चमत्कार पुढे चाळीस हजार वाचकांतल्या एकीलाही दिसला नाही.

लेख एका बैठकीत लिहून झाला. मला लिहिता येतं, हे माझ्या लेखी तेव्हा फार मोठं होतं. एक परिच्छेद मला इतका आवडला की मी तो मोठ्याने वाचून बघितला. 'भेगांत साचलेला पिवळट मळ साबणाने निघत नाही. असे हात घेऊन कुणाच्या गालाला स्पर्श करायला तुम्हालाच संकोच वाटेल. हात लपवू नका, त्यांची निगा राखा.' पिवळट मळ. तो मळ नव्हता, हळद होती, हे मला माहीत होतं. हळद कुठल्या मुलीची, हेही माहीत होतं. आणि गालाची कल्पना कुठून सुचली, हा प्रश्न मला पडलाच नाही. रविवारी मीच मांडवात उभी राहून आईचे हात नवरीच्या गालांवर बघत होते. डोळ्यांनी बघितलेलं मी उचललं, उलटं केलं आणि विकलं.

लेख छापून आला. सुरुची मॅडमनी फोन करून अभिनंदन केलं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून काम सुरू करा, म्हणाल्या. बाबांनी पाड्यात पेढे वाटले. दादाने न वाचताच लेखाची लिंक पाड्याच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, 'आमची निधी लेखिका झाली'. आई ज्याला त्याला सांगत सुटली, "फोटू माजा हाय त्याच्यात." आई चौथी शिकलेली. अक्षर जुळवून वाचते, पण मोबाइलवर तिला दिसत नाही. मी तिला वाचून दाखवायचं आज-उद्या करत राहिले. मला वाटलं, आठवडा गेला की विसरतील सगळे.

आठवडा जायच्या आत विनयाची हळद कुटायची होती. विनया शेजारच्या घरातली, माझ्याहून दोन वर्षांनी लहान. बुधवारी दुपारी त्यांच्या अंगणात वीसेक बायका जमल्या. आई मुसळ घेऊन उखळापाशी. मी विनयाजवळ बसले होते. गाणी एकदोन झाली आणि विनयाची आई म्हणाली, "आज तं आपल्याकडे लेखिका बसलेय. वाचा की गो कोनीतरी."

"नंतर," मी म्हटलं. "आता कामं आहेत."

"कामा कसली," आई म्हणाली. तिने मुसळ उखळाला टेकवून ठेवलं. "वाच गो विनया. मना पन आयकायचा हाय."

विनयाने मोबाइल काढला. आधी फोटो हातोहात फिरला. "अगो, हे तं हंसाचं हात," एकीने ओळखलं. ओळखायला काय लागतं, पाड्यातल्या निम्म्या मुलींच्या गालांना ते हात लागलेले. "माजेच," आई म्हणाली आणि सगळ्यांकडे बघून घेतलं. मग विनया वाचायला लागली. तिचा आवाज छान आहे, शाळेत प्रार्थना सांगायची. पिवळट मळापर्यंत ती भरभर आली. पुढच्या वाक्यात गालाचा शब्द आला आणि ती थांबली.

मी जमिनीकडे बघत होते. सांडलेल्या हळकुंडाच्या तुकड्यांवर मुंग्या चढत होत्या. मला तिथून उठून पळून जायचं होतं.

"फुडं वाच," आई म्हणाली.

विनयाने शेवटपर्यंत वाचलं. हळू, शाळेतल्यासारखं. नंतरचा फोटो आला तेव्हा कुणीतरी विचारलं, "हे खालचं कोनाचं हात?" मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, "मलम लावल्यावरचं असतील." आणि तिने मुसळ उचललं. एक म्हातारी मागून पुटपुटली, "कसला मल, हलद हाय ती." माझ्याकडे कुणी बघितलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला घरी जाऊन रागवायला तरी काही मिळालं असतं.

घरी जाताना आई पुढे, मी मागे. बांधावर मी तिला गाठलं. "आई, ते तुझ्याबद्दल नव्हतं लिहिलेलं."

ती थांबली. रागाने नाही, खरंच विचारायला. "मंग कोनाबद्दल?"

चाळीस हजार जणींसाठी मी दर वाक्याला शब्द शोधले होते. या एकीसाठी एक सापडेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर आई मोरीत बसून वजरीने हात घासत होती. पाय घासायची आमची जुनी वजरी, काळी, खरबरीत. शेजारी अर्धं लिंबू. तळवे लाल झाले होते आणि एका भेगेतून रक्त आलं होतं. मी वजरी तिच्या हातातून काढून घेतली. तिने घेऊ दिली.

"ती मलमाची डबी हाय का गो अजून?" तिने विचारलं.

मी पेटीतून क्रीम काढून दिलं. सील मी फोटोपुरतं फोडलं होतं, आत सगळं तसंच होतं. आईने बोटावर चिमूटभर घेतलं, जास्त घेतलं तर मी रागवेन अशा बेताने, आणि दोन्ही हातांना चोळलं. भेगेत झोंबलं असणार.

"किती दीस लागतान?"

"तीन आठवडे," मी म्हटलं. लेखात तेच लिहिलं होतं.

"विनयाची हलद तं उद्या हाय," आई म्हणाली आणि झाकण नीट लावून डबी मला परत दिली.

मला वाटत होतं ती चिडलीय. चिडली असती तर बरं झालं असतं. माझ्या आईचा राग मला माहीत आहे. तो भांड्यांवर निघतो, बाबांवर निघतो आणि जेवणापर्यंत संपतो. हे ते नव्हतं. तिने लेख ऐकला होता आणि तिला तो पटला होता. मुलगी शिकलेली, मुंबईच्या लोकांनी तिला निवडलेलं, हजारो बायका तिचं वाचतात. ती म्हणते हे हात गालाला लावण्याजोगे नाहीत, तर नसतील. इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही एवढंच.

विनयाची हळद दुपारी चारला होती. मांडव पिवळ्या कापडाचा, गाणी लावलेली, मुंबईहून आलेला फोटोग्राफर. विनया पाटावर बसली आणि सगळ्यांनी आईकडे बघितलं. आई मागे खांबापाशी उभी होती. हात पदराखाली.

"या खेपेला दुसऱ्या कोनाला सांगा," ती विनयाच्या आईला म्हणाली. "माज्या हातांना भेगा हायेत. पोरीच्या गालाला लागल."

हे तिने इतकं साधेपणाने सांगितलं, जणू पाय मुरगळलाय. विनयाच्या आईने माझ्याकडे एकदा बघितलं, एकदाच. तेवढं मला आयुष्यभर पुरेल.

"काकी, तुम्हीच," विनया पाटावरून म्हणाली. "तुमचाच हात पाहिजे."

आई पुढे आली, कारण नवरीला नाही म्हणायचं नसतं. पाटासमोर बसली. वाटीकडे हात नेला आणि मध्येच थांबली. मग वर बघितलं, मांडवाच्या तोरणातलं आंब्याचं एक पान तोडलं, पदराने पुसलं आणि पानाचं टोक हळदीत बुडवून विनयाच्या गालावर ओढलं. एका गालावर एक रेघ, दुसऱ्या गालावर एक रेघ. हात कुठे लागू नये म्हणून पान तिने देठाच्या अगदी टोकाला धरलं होतं.

विनया रडायला लागली. लोकांना वाटलं, नवरी आहे, रडणारच.

"वा मावशी, मस्त," फोटोग्राफर म्हणाला. "परत एकदा घ्या, पान जरा इकडे करा."

आईने परत एकदा केलं.

मी मांडवाच्या मागे निघून गेले. मग तिथेच, जेवणाच्या भांड्यांशेजारी बसून सुरुची मॅडमना मेल लिहिला. सगळं लिहिलं. हात दोघींचे आहेत, क्रीम कुणी लावलंच नव्हतं, मळ म्हटलं ती हळद आहे, आणि पहिले हात माझ्या आईचे आहेत. लेख काढून टाका, म्हटलं. पाठवलं आणि अंग हलकं झालं. त्या हलकेपणाचीही मला आज लाज वाटते. आई तिकडे खांबापाशी हात झाकून उभी होती आणि मी स्वतःला सोडवून घेत होते.

सोमवारी सकाळी त्यांचा फोन आला. आवाज चढा नव्हता. "तुमची भाषा खोटी वाटत नाही, म्हणून मी तुमच्यासाठी आमच्याकडे भांडले होते, निधी," त्या म्हणाल्या. लेख काढलाय. क्रीमवाल्यांनाही कळवावं लागलं. जागेचं आता काही करता येणार नाही. "तुम्ही मुदत मागायची होती," एवढं शेवटी म्हणाल्या. मी हो म्हटलं. मग मी 'नितळ'ही बंद केला. फरशी नेऊन मोरीत टाकली, कपडे धुवायला.

दुपारी आई शेतावरून आली, पाटी उतरवली आणि पडवीत बसली. मी तिला पाणी दिलं आणि समोर बसले. कितीतरी तयारी करून ठेवली होती. आलं एवढंच.

"आई, तो लेख काढून टाकला. आता तो कुणालाच दिसणार नाही."

"का गो?"

"खोटा होता. मीच सांगितलं त्यांना."

तिने भांडं खाली ठेवलं. "आन नोकरी?"

"गेली."

आता ती चिडली. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा. "येडी हायेस का तू? आयलेली नोकरी कोन सोडतं? काय खोटा होता त्याच्यात? हात माजं तसंच हायेत. भेगा हायेत, रंग जात नाय. खोटा काय लिवलावतास?"

मी बोलायचा प्रयत्न केला. तो मळ नव्हता, म्हटलं. ते हात वाईट नाहीत, म्हटलं. ती ऐकत होती, पण जशी ताप आलेल्या माणसाची बडबड ऐकतात तशी. मी चुकीचं लिहिलं, यावर तिचा विश्वास बसत नव्हता. माझ्या लिहिण्यावर माझ्यापेक्षा तिचाच विश्वास जास्त होता.

कोनाड्यात वाटी होती. विनयाची उरलेली हळद, वरून सुकलेली. यावेळी तिने ती मला फासली नव्हती. मी ती खाली काढली, थोडं तेल घालून कालवली आणि तिच्यासमोर ठेवली. तिच्या अगदी जवळ सरकले आणि तोंड पुढे केलं.

"लाव," मी म्हटलं.

आईने माझ्याकडे बघितलं. तिचा राग उतरला, चेहरा मऊ झाला. तिने हात पदराला पुसले, एकदा, दोनदा. वाटीकडे नेले. मी डोळे मिटले आणि गाल आणखी पुढे केला. त्या खरबरीत तळव्यांची मी अशी कधीच वाट पाहिली नव्हती.

काही झालं नाही. डोळे उघडले तर आई उठून उभी राहिली होती.

"थांब," ती म्हणाली. "पान घेवन येतंय."

आणि ती आंब्याखाली गेली आणि खालच्या फांदीवरचं कोवळं पान शोधायला लागली, मला लागू नये म्हणून.